बुधवारी न आलेली गाडी

जवळ ये गो बाय, आणि तोंड फिरवू नकोस. लोअर परळला ऑफिस तुझं, आमच्या लालबागच्या चाळीपासून चालत येण्यासारखं, आणि आत्याचं दार तुला सापडत नाही? फोन उचलत नाहीस, म्हणून लिहून सांगते. वाच मुकाट्यानं.

तुझ्या बाबांना, माझ्या दादाला, साखर. पायाची जखम भरेना. ड्रेसिंगला आपल्या गावाहून तालुक्याला जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडायचा. दादा एकदा जायचा नि चारदा टाळायचा. इथे मुंबईत प्रत्येक गावाचं आपापलं मंडळ, प्रत्येकाला आपल्याच गावात दवाखाना हवा, आणि एकट्यानं कुणालाच जमत नाही. मी म्हटलं, शिमग्यात पालखी घरोघर फिरते ना? तसा डॉक्टर फिरवा. खाडीच्या दोन्ही अंगांच्या गावांनी मिळून एक गाडी घ्या, आत डॉक्टर, नर्स, औषधं. ज्याचा त्याचा वार ठरवा.

माझं सासर खाडीपलीकडचं, तिथल्या मंडळाचे अध्यक्ष तुझे आतोबा. त्यांना पटलं. माहेरची माणसं मात्र बिचकत होती. "पलीकडचे गोड बोलतात, मग सगळं आपल्या देवळाकडे ओढतात," म्हणायची. दादानंच त्यांना गप्प केलं, "माझी बहीण त्या घरात आहे. ती असताना फसवतील होय?"

बैठका आमच्याच खोलीत झाल्या. चहा-पोहे करून माझे हात मोडले, पण जीव हरखला होता. माहेरला बुधवार मिळाला.

गाडी गावी पोचली त्या दिवशी मोबाईलवर फोटो आला. हार, नारळ, आणि दारावर मोठ्या अक्षरांत एकट्या सासरच्या गावाचं नाव.

"बाकीची गावं कुठायत?" मी विचारलं.

"रंगाऱ्याला जागा पुरली नसेल," आतोबा म्हणाले.

बुधवारी दादा पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून पुलाजवळ बसला. ऊन उतरलं तरी गाडी आली नाही. पुढच्या बुधवारीही नाही. ती पलीकडे देवळासमोर उभी. आधी आपलं गाव, वेळ उरला तर इतरांचं, असं सासरच्या मंडळानं आमच्या पाठीआड ठरवलं होतं, आणि अध्यक्षाच्या खुर्चीत आतोबा.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुझं माहेर ना ते. रडली असतीस."

"मग आता काय नाचतेय?"

मंडळाचं मला एवढं नाही लागलं. पण हा माणूस त्या बैठकीहून घरी आला, माझ्या हातची सोलकढी मागून मागून प्यायला, वर विचारलं, "दादाचा पाय कसा आहे गं?" ते विचारणं माझ्या घशाखाली उतरत नाही, बाय. संसार झाला इतक्या वर्षांचा, आणि मी परक्याच गावची.

जखम सडली तेव्हा दादाला मुंबईला आणला, आणि परळच्या हॉस्पिटलात त्याच्या पायाची बोटं काढली, माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. डबा घेऊन गेले तर भिंतीकडे वळून म्हणाला, "तुला ठाऊक होतं." नव्हतं गो ठाऊक! हॉस्पिटलातून सोडल्यावर माझ्याकडे न येता गेला कॉटन ग्रीनला, तुझ्या तिसऱ्या माळ्यावरच्या घरी. जखम चिघळली तर पाऊल जाईल असं डॉक्टर म्हणालेत, आणि जिन्याच्या धाकानं तो पुन्हा ड्रेसिंग टाळतोय, हे मला तुझ्या शेजारणीकडून कळतं.

आमची खोली तळमजल्यावर. आतोबांचा पलंग मी दादासाठी रिकामा केलाय, ते गॅलरीत झोपतात. त्यांच्याशी बोलू नका, मीही कामापुरतंच बोलते. माझ्यावर रागवायचं तर इथे बसून रागवा. पण त्याला घेऊन ये बाय, लवकर ये.