पिराजी पेंटरचा फळा

कोल्हापुरात गंगावेशीकडून पेठेत शिरलं की तालमीच्या दाराशेजारी एक लाकडी फळा टांगलेला असायचा. पिराजी पेंटर रोज सकाळी तो ओल्या फडक्यानं पुसायचा आणि दूधवाल्यांच्या किटल्या खडखडत जाईपर्यंत त्यावर खडूनं एक चित्र काढून मोकळा व्हायचा. पंचगंगेचा पूर, नदीत तरंगणारे मेलेले मासे, निवडून आल्यावर पेठ विसरलेला नगरसेवक. कुणालाच सुट्टी नव्हती. एकदा त्यानं तालमीपुढच्या तुंबलेल्या गटारीवर खुर्ची टाकून जेवत बसलेला नगरसेवक काढला. लोक नाक धरून हसले आणि दुपारपर्यंत गटार उपसणारी माणसं आली. पिराजी ही गोष्ट चहा पिताना अजून सांगायचा, आणि ऐकणारं कुणीतरी म्हणायचं, "मामा, त्येला आता लई दिस झालं की."

दिस झालेच होते. एके काळी गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या पिराजीच्या हातच्या. ट्रकामागचा मोर, पिठाच्या गिरणीवरची गव्हाची लोंबी, आणि खाली कोपऱ्यात बारीक सही. मग फ्लेक्स आला आणि डब्यातले ब्रश वाळून काथ्यासारखे कडक झाले. घर बायकोच्या, अंबूबाईच्या, खानावळीवर चाललं. हाताला म्हणून उरला तो हा फळा. तो गेला तर पिराजी कोण, हे पिराजीलाही सांगता आलं नसतं.

निवडणुकीच्या आधी टीव्हीवर सर्वे आला. इथले आमदार, म्हणजे साहेब, जिल्ह्यात सगळ्यांत लोकप्रिय, शंभरांतल्या अठ्ठ्याहत्तर लोकांची पसंती. इकडं पेठेत नळाला गढूळ पाणी, तेही करंगळीएवढ्या धारेनं. पिराजीनं हाटेलात एकेकाला धरून विचारायला सुरुवात केली.

"तुला इचारलं का रं कुणी?"

"न्हाय."

"आन् तुला?"

"मला बायकू सुदिक इचारत न्हाय, मामा."

"मग अठ्ठ्याहत्तर कोण?"

"आसतील शाहूवाडीकडं."

कोपऱ्यात शाहूवाडीचाच एक पावणा पाव बुडवून खात बसला होता. तो मान वर न करता म्हणाला, "आमच्याकडं म्हणत्यात, कोल्हापुरात इचारलं."

घरी गेल्यावरही पिराजीचं तेच. अंबूबाई भाकरी थापता थापता चिमटा काढायची, "आज तरी इचारलं का कुणी तुमास्नी?"

"न्हाय."

"मग जेवा आता."

शेवटी एका सकाळी पिराजीनं जीव ओतून चित्र काढलं. तांबड्या मातीचं मैदान. मधोमध साहेब, पोट लंगोटाबाहेर, डोक्याला आधीच जिंकल्याचा फेटा. शड्डू ठोकत फेरी मारताहेत आणि समोर पैलवानच नाही. भोवतीनं टाळ्या पिटणाऱ्या गर्दीतला प्रत्येक चेहरा साहेबांचाच. खाली लिहिलं, 'कुस्ती कुणाशी?'

त्याचं गणित सरळ होतं. ज्याच्यापुढं कुणी उभंच नाही, त्याचं जिंकणं कसलं? पण सारा जन्म तालमीच्या दारात काढून पिराजी एक गोष्ट विसरला. भरल्या मैदानात पैलवानानं शड्डू ठोकला आणि कुणी उतरलं नाही, तर पेठ त्याला खांद्यावर घेते. जोड न मिळणं हा इथं सगळ्यात मोठा मान.

साहेबांचा पेठेतला माणूस म्हणजे मृत्युंजय, किराणा दुकानवाल्याचा पोरगा. तो गाडी आडवी लावून चित्रापुढं उभा राहिला.

"नाद केला, मामा. साहेबास्नी जोडच न्हाय, एका चित्रात सांगितलंसा."

"आरं, जोड न्हाय म्हंजे कुणाला उतरूच दिलं न्हाय, आसं हाय त्ये."

"त्येच की. हिंमत हाय का कुणाची?"

"आन् बघणारं समदं साहेबच हाईत. दिसत न्हाय व्हय तुला?"

"घराघरात साहेब. लई भारी." त्यानं फळ्याकडं पाठ केली आणि फोन वर धरला. "तुमी बी या की फोटूत."

संध्याकाळपर्यंत चित्र पेठेतल्या साऱ्या फोनांवर फिरलं. मग चिडून पिराजीनं आखाड्याबाहेर पाय मोडून बसवलेले पैलवान काढले आणि साहेबांच्या हातात काठी दिली. लोक म्हणाले, दरारा बघा. मग त्यानं चिखल ओकणारा नळ काढला. त्याच्यापुढं कुणी थांबलंच नाही. एकजण जाता जाता म्हणाला, "पैलवानाचं झ्याक हुतं, मामा. ह्ये आपलं रोजचंच."

पुढच्या आठवड्यात आकाराम वस्तादानं त्याला तालमीत बोलावलं. वस्ताद तालमीचा कारभारी, आणि पिराजीचा शाळेपासूनचा जोडीदार.

"साहेब पोरांस्नी मॅट देत्यात," वस्ताद म्हणाला. "आन् दारात लाईटचा मोठा बोर्ड. तुझं चित्र बघून खूश झाल्यात."

"आन् फळा?"

वस्तादानं हाताची माती झाडली. "भिंत एकच हाय, पिराजी. पोरं हितं मातीत घाम गाळत्यात आन् भाईर मॅटवर हारून येत्यात. मी कुठनं आणू मॅट?"

"मी काय काढलं हुतं, तुला तर ठावं हाय."

"मला ठावं हाय," वस्ताद म्हणाला. "मला एकट्याला."

उद्घाटनाला साहेब आले नाहीत, त्यांचा निरोप आला. मृत्युंजयनं पिराजीच्या डोक्याला भगवा फेटा बांधला. बोर्ड पेटला आणि त्यावर पिराजीचंच चित्र हलायला लागलं. साहेबांचं पोट गेलं होतं, छाती आली होती. गर्दीत साहेबांच्या चेहऱ्यांऐवजी हसऱ्या बायका आणि शेतकरी. 'कुस्ती कुणाशी?' होतं तिथं पक्षाचं चिन्ह. कोपऱ्यातली सही पिराजीनं शोधली. नव्हती.

टाळ्या थांबल्यावर गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी हातातली पाटीएवढी स्क्रीन सावरत त्याच्यापुढं आली.

"काका, सर्वे करतोय आम्ही. तुमच्या भागात सगळ्यात लोकप्रिय नेता कोण वाटतो?"

आत निळ्या मॅटवर पोरं कोलांट्या मारून खिदळत होती. वस्ताद चौकटीला टेकून त्याच्याकडं बघत होता, तो नजर हलवत नव्हता. फेटा कपाळाला करकचून बसला होता.

"साहेब," पिराजी म्हणाला.

"थँक्यू काका," म्हणून ती पुढच्या माणसाकडं वळली.

तो घराकडं निघाला. तालमीपुढची गटार पुन्हा तुंबली होती. पाहुण्यांचे बूट भरू नयेत म्हणून कुणीतरी तिच्यावर फळा आडवा टाकला होता. नळाचं चित्र अजून अर्धं शिल्लक होतं, बाकीच्यावर चपलांचे ठसे. पिराजीला त्याच्यावर पाय देववेना. त्यानं धोतर वर धरलं आणि बाजूनं उडी टाकली. गुडघ्यानं साथ दिली नाही. एक पाय घोट्यापर्यंत गटारीत गेला.

अंबूबाईनं त्याला उंबऱ्यावरच अडवलं. "आसंच आत येऊ नगासा. थांबा." तिनं नळ सोडला. नळ घरघरला, वारा ओकला आणि गप्प झाला.

पिराजी भरलेला पाय लांब धरून पायरीवर बसला. फेटा तसाच डोक्यावर होता. अंबूबाईनं रिकामी बादली खाली ठेवली आणि त्याला हसू यावं म्हणून रोजचंच विचारलं, "आज तरी इचारलं का कुणी तुमास्नी?"

"न्हाय," पिराजी म्हणाला.