नदीचा पाठ

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकला अध्यापक विद्यालयात शिकत होते, तेव्हा माझा निम्मा जीव टाचणं लिहिण्यात गेला आणि उरलेला ती पुन्हा लिहिण्यात. टाचण म्हणजे पाठाचा कागदावरचा आराखडा. आधी प्रस्तावनेचे प्रश्न, त्यांतून मुलांनीच विषय ओळखायचा, मग ‘आज आपण अमुक शिकणार आहोत’ असं आपण म्हणायचं, जणू आपल्यालाही आत्ताच कळलं.

सरावासाठी जवळच्या शाळेतली मुलींची सातवी होती. भूगोलात आम्ही सगळ्या ‘नदीची कामे’ हाच धडा घ्यायचो, कारण चित्रं सोपी, प्रश्नही सोपे. माझी पाळी येईपर्यंत त्या पोरी नदीला पुरत्या विटल्या होत्या. आपल्या गावातून कोणती नदी वाहते, असं विचारलं की जांभई देत गोदावरी म्हणायच्या.

वार्षिक पाठही मी नदीचाच घेतला. नापास झाले तर नामपूरला परत आणि उन्हाळ्यात लग्न, असं वडिलांनी बजावलं होतं. परीक्षक मागच्या बाकावर बसले. मी भीतभीत प्रस्तावनेचा पहिला प्रश्न विचारला. पण पोरी तयारीच्या. विषय लगेच ओळखला तर बाईंची प्रस्तावना फुकट जाते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पहिल्या बाकावरच्या मुलीने मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं, दुसरीने अर्धवट, तिसरीने बरोबर. शेवटी ‘समजलं का?’ म्हटल्यावर सगळ्या एका सुरात हो म्हणाल्या. पाठ छान झाला म्हणत परीक्षक निघून गेले.

मी खुर्चीत बसले. गावाकडची एसटी गाठायची होती, पण उठायचं त्राण नव्हतं. पहिल्या बाकावरची मुलगी जवळ आली.

“बाई, पास झालात ना?”

“झाले वाटतं. तुमच्यामुळे.”

“मग आता अक्षांश-रेखांश शिकवता का? सोमवारी पेपर आहे आमचा. तो धडा कुणीच घेतला नाही.”

कोण घेणार? अवघड म्हणून आम्ही सगळ्याच त्याला टाळत होतो. मला वाईट वाटलं, आणि तिचा थोडा रागही आला, कारण मला फक्त झोपायचं होतं.

एसटीचा नाद सोडला. टाचण नाही, तक्ता नाही. फळ्यावर वर्तुळ काढून आडव्या-उभ्या रेघा ओढल्या, व्याख्या सांगितल्या आणि सवयीने विचारलं, समजलं का? वर्गही सवयीनेच हो म्हणाला.

पहिल्या बाकावरच्या मुलीने वळून मागचा बाक पाहिला. तो रिकामा होता.

“नाही बाई,” ती म्हणाली. “मला नाही समजलं.”

हे वाक्य मी वर्षभरात पहिल्यांदा ऐकत होते. थकवा काही गेला नाही, पण फार बरं वाटलं. पिशवीतून डबा काढला, भाकरीबरोबरचा अख्खा कांदा हातात घेतला आणि देठापासून मुळापर्यंत जाणाऱ्या त्याच्या उभ्या शिरांवर बोट ठेवलं.

“ये इकडे,” म्हटलं. “पुन्हा पहिल्यापासून बघू.”