उकंडरावांची झोप

माझे सासरे उकंडराव यांची झोप मागच्या दिवाळीनंतर उडाली. त्याआधीची अठ्ठावन्न वर्षं त्यांनी झोपेइतकं मन लावून दुसरं कोणतंही काम केलं नव्हतं. उंद्रीत वडिलांनी ठेवलेली चौदा एकर काळी जमीन. पेरणी-सोंगणी गडी बघायचे, भाजीचे वाफे माझ्या सासूबाई गीताबाई बघायच्या, आणि हे ओसरीवर बसून गावाला अक्कल शिकवायचे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात, सासूला आत्याबाई. मानानं म्हणतात. मीही म्हणते, तोंडानं मान द्यायला काही लागत नाही.

झोपेचा त्यांना भारी गर्व. "आडवा झालो का गेलो," असं ते आल्यागेल्याला सांगायचे. शेजारच्या महादेवरावांना बायको वारल्यावर झोप येईना. ते बुलढाण्याच्या डॉक्टरकडून गोळ्या घेऊन आले, तर मामाजींनी चार माणसांत त्यांची टर उडवली. "वावरात घाम गाळत नाही, मंग झोप कुठून येईन बे? हे सारे रिकाम्या माणसाचे नाद हायेत." हे सांगत होते ते भर दुपारी, बाजेवर लोळत. महादेवराव मान खाली घालून निघून गेले. मी तेव्हा या घरात नवी होते, पण त्या दिवशीच मला हा माणूस कळला.

आत्याबाईंना मात्र रात्री झोप नसायची. प्राची, म्हणजे माझी नणंद, पोटात होती तेव्हापासून त्यांचे पाय शिवशिवायचे. दिवसभर काही नाही. रात्री अंग टेकलं की पिंढऱ्यांच्या आत मुंग्या चालल्यासारखं व्हायचं. पाय हलवले की बरं वाटायचं, थांबवले की पुन्हा तेच. मग त्या उठून अंगणात फेऱ्या मारायच्या, नाहीतर चुलीपाशी बसून तूर निवडायच्या. पहाटे कधीतरी बसल्या जागी डोळा लागायचा तेवढाच. चारला पुन्हा उठून भाजी तोडायला वावरात. फार वर्षांपूर्वी एकदा त्यांनी नवऱ्याला म्हटलं होतं की चिखलीला दाखवून येऊ. तेव्हा उत्तर मिळालं, "तुले काय धाड भरली? भुतावाणी फिरायची आदत हाय तुले." त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली ती तक्रार म्हणून नाही, मी विचारलं म्हणून.

तर दिवाळीनंतर गावातल्या सोसायटीची निवडणूक झाली आणि मामाजी नऊ मतांनी पडले. शेषराव निवडून आले, ज्यांना मामाजी वीस वर्षं 'ढेपीचं पोतं' म्हणत आले होते. गुलाल दारावरून गेला. त्या रात्री मामाजींना झोप लागली नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते असे उठून बसले, जणू जगात निद्रानाश पहिल्यांदा त्यांनाच झाला.

"सूनबाई, मले झोपच नाही येऊन राह्यली," ते मला म्हणाले. आवाज रडवेला. महादेवरावांची आठवण त्यांना आली असेल असं मला क्षणभर वाटलं. माझाच वेडेपणा.

घर कामाला लागलं. पहिल्यांदा जायफळ. जायफळ चांगलंच असतं, माझी रोहिणखेडची आजी सहाणेवर दोन वळसे उगाळून कपभर कोमट दुधात द्यायची, आणि बऱ्याच जणांना त्यानं बरं वाटायचं. पण मामाजींना कपभर म्हणजे अपमान. त्यांना म्हशीचं दूध, तेही मोठा लोटाभर, वरून साखर. मग रात्री तीनदा लघवीला उठायचं आणि सकाळी म्हणायचं, "तुह्या आजीचं जायफळ काही कामाचं नाही."

मग खसखस आली. भिजवून, पाट्यावर वाटून, तिची खीर. खीर आवडली, झोप मात्र आली नाही, म्हणून खीर चालू ठेवली. बीबी गावच्या एका पाहुण्यानं फोनवर सांगितलं की वांगं भाजून, सोलून, मध घालून खा. तेही खाल्लं, पण एक खायचं तिथं चार खाल्ली, आणि रात्रभर ढेकर देत बसले. कुणी म्हणालं डोकं दक्षिणेला करा. मग शिवमनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आणि मी सागवानी पलंग फिरवला. त्या दिवसापासून खोलीचं दार अर्धंच उघडतं आणि आम्ही सगळे अंग चोरून आत जातो. उरलेले उपाय ते मोबाईलवर शोधायचे. रात्री अकरा, साडेअकरा, पलंगावर पडून, तो उजेड तोंडावर घेऊन, झोप कशी आणावी याचे व्हिडिओ बघत. सकाळी तेच व्हिडिओ मला पाठवायचे.

आठ वाजले की घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. टीव्ही बंद. मिक्सर बंद. मी बायकांचे ब्लाऊज शिवते, लग्नसराईचे दिवस होते, पण मशीन आठला बंद. गल्लीतली माणसं सकाळी विचारायला यायची, "काल लागली का झोप?" आणि मामाजी रात्रीची हकीकत अशी सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, हे सीमेवर पहारा देऊन आले.

यातलं दुपारचं कुणी बोलत नसे. जेवण झालं की एक ते साडेतीन मामाजी पंख्याखाली डाराडूर. उठले की चहा, सहाला चहा, जेवणानंतर नऊला "जरासक" चहा. मी एकदा म्हटलं, "मामाजी, दुपारी नका झोपू, म्हणजे रात्री येईल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचं ताटच ओढून घेतलं.

सगळ्यात वाईट उपाय आत्याबाईंच्या वाट्याला आला. काशाच्या वाटीनं तळपायाला तेल चोळायचं. उपाय जुना आहे, अंग थंडावतं, मन शांत होतं म्हणतात. दहा मिनिटं चोळलं तरी पुरे. मामाजी तासभर चोळून घ्यायचे. आत्याबाई पलंगाच्या पायथ्याशी खाली बसायच्या, वाटी गोल गोल फिरवायच्या, तळवे काळे व्हायचे, आणि वरून मामाजींचं सुरू असायचं. कोणत्या गल्लीतली मतं फुटली, कुणी शपथ घेऊन फसवलं. नऊ मतांचा हिशेब त्यांनी त्या वाटीखाली शंभरदा केला असेल.

एका संध्याकाळी मी पाणी ठेवायला आत गेले तेव्हा आत्याबाईंनी वाटी मधेच खाली ठेवली आणि उठून उभ्या राहिल्या. पाय झटकत होत्या. चेहऱ्यावर घाम.

"काऊन उठली?" मामाजी डोळे न उघडता म्हणाले. "आता कुठं डोळा लागत होता. उडवली ना माही झोप!"

"पाय लय शिवशिवून राह्यले," आत्याबाई म्हणाल्या.

"मामाजी," मी म्हटलं, "आत्याबाईले बी झोप नाही येत. कित्येक वर्षांपासून नाही येत."

"तिची आदत हाय ते," ते म्हणाले. "माहा आजार हाय."

मी तांब्या ठेवला आणि बाहेर आले. हातात अजून थोडा वेळ तो राहिला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही.

शेवटी चिखलीच्या डॉक्टरकडे जायचं ठरलं. डॉक्टर अपेक्षा, तिशीतली बाई. बाई डॉक्टर आहे हे कळल्यावर मामाजी परत फिरायला निघाले होते, शिवमनं कसंबसं बसवलं. आत्याबाईंना त्यांनी सोबत घेतलं होतं ते एवढ्यासाठी, की आपले हाल सांगायला साक्षीदार पाहिजे. मी गेले आत्याबाईंसाठी.

मामाजी वीस मिनिटं बोलले. डॉक्टरांनी शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "रात्री नेमके किती तास झोप लागते?"

"एक मिनिट नाही," मामाजी म्हणाले. "विचारा हिले."

डॉक्टरांनी आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई पदर सावरून, जसं विचारलं तसं, सरळ सांगू लागल्या. "काल साडेअकराले मोबाईल ठेवला. पावणेबाराले लागले घोरायले. दोनले उठले, बाहेर जाऊन आले, पुन्हा लागले. मंग सहाले चहा मागतला. परवा एकदाच उठले होते."

मामाजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी मन भरून बघितला.

"म्हणजे सहा तास," डॉक्टर म्हणाल्या. "आणि दुपारी?"

"अडीच," मी म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पण आई, तुम्हाला मिनिटामिनिटाचं कसं माहीत?"

"मी जागीच असतो ना."

"रोज?"

"हाव. प्राचीच्या वेळेपासून. बावीस वर्ष झाले."

डॉक्टरांनी खुर्ची मामाजींकडून आत्याबाईंकडे वळवली. पायांबद्दल विचारलं. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, नखं बघितली. पाळीच्या वेळी किती जातं ते हळू आवाजात विचारलं, आणि आत्याबाईंनी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं की फार जातं, महिन्यातले आठ-आठ दिवस. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सातच्या घरात. डॉक्टर म्हणाल्या की अंगात लोह कमी पडलं की असे पाय शिवशिवतात, माणसाला आडवं होऊ देत नाहीत. गरोदरपणात सुरू होतं आणि लक्ष दिलं नाही तर राहून जातं. लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, जेवणाबरोबर चहा बंद सांगितला, पाळीसाठी वेगळी तपासणी लिहिली. मी अळिवाच्या लाडवाचं विचारलं. "द्या की," त्या म्हणाल्या, "चांगलेच आहेत. पण गोळ्या चुकवू नका."

मामाजींना त्यांनी सांगितलं, दुपारची झोप बंद, चारनंतर चहा बंद, रात्री मोबाईल खोलीबाहेर, आणि झोप लागो न लागो, सकाळी ठरल्या वेळी उठायचं. दूध प्यायचंच तर कपभर.

"अन् औषध?" मामाजींनी विचारलं.

"हेच औषध."

गाडीत मामाजी चिखलीपासून उंद्रीपर्यंत धुमसत होते. "कालची पोरगी! झोप गेली माही, अन् गोळ्या देल्ल्या हिले!" गावात उतरल्या उतरल्या त्यांनी सांगून टाकलं की त्या डॉक्टरला काही येत नाही. दुपारी एकला ते पंख्याखाली गेले आणि साडेतीनला उठले.

आत्याबाईंच्या गोळ्या मी हातावर ठेवायची, वर लिंबाची फोड द्यायची. तेल-वाटीचं काम मी बंद पाडलं. मामाजींना सांगितलं, डॉक्टरांनी आत्याबाईंना खाली बसायला मनाई केली आहे. डॉक्टरांनी असं काही म्हटलं नव्हतं. महिना गेला, फरक दिसेना. दुसऱ्या महिन्यात रात्रीच्या फेऱ्या कमी झाल्या. तिसऱ्या महिन्यात एका पहाटे मामाजी माझ्या दाराशी येऊन दार बडवू लागले.

"सूनबाई! शिवम! उठा रे! गीता गेली!"

आम्ही धावत गेलो. मामाजी पलंगापासून लांब, भिंतीला धरून उभे होते. "हाका मारल्या, उठतच नाही," ते म्हणत होते. आत्याबाई कुशीवर पडल्या होत्या, तोंड थोडं उघडं, एक हात गालाखाली. मी जवळ वाकले. श्वास चालू होता, लांब आणि सावकाश. पाय अगदी स्थिर.

मग माझ्या लक्षात आलं. गेल्या बावीस वर्षांत या माणसानं आपली बायको झोपलेली कधी पाहिलीच नव्हती. त्यांचा डोळा लागायचा तेव्हा ती जागी, ते उठायचे तेव्हा ती वावरात. झोपलेली बायको कशी दिसते हेच ठाऊक राहिलं नव्हतं, म्हणून मेली असं वाटलं.

"झोपल्या आहेत," मी म्हटलं. "झोप म्हणतात याले, मामाजी."

आरडाओरड्यानं आत्याबाईंना जाग आली. आम्ही सगळे भोवती उभे पाहून त्या दचकून उठल्या. "काय झालं? कोन गेलं?"

"तूच," शिवम म्हणाला आणि त्याला रडू आलं.

मामाजींना त्या वेळी काही वाटलं असेल तर ते दुपारपर्यंतही टिकलं नाही. संध्याकाळी ते ओसरीवर बसून महादेवरावांनाच सांगत होते, "बायको रातभर घोरते राजा. मले झोप येईन तरी कशी?" महादेवरावांनी ऐकून घेतलं. ते चांगले गृहस्थ आहेत, मी त्यांच्या जागी असते तर उठून गेले असते.

आत्याबाई आत भाकरी थापत होत्या. त्यांनीही ऐकलं. हात पुसून त्या बाहेर आल्या, कोपऱ्यातली बाज उचलली, ओसरीच्या भिंतीला लावली, वर मामाजींची चादर-उशी आणून टाकली.

"आजपासून इथं झोपा," त्या म्हणाल्या. "मच्छरदानी सूनबाई लावून देईन."

मी लावून दिली. मामाजी अजूनही ओसरीवरच झोपतात, आणि सकाळी जो कुणी रस्त्यानं जाईल त्याला थांबवून सांगतात की काल रात्री एक मिनिट डोळा लागला नाही.