पुलावरची पांढरी गाडी

आज माझ्या हाताला जे काम आहे, त्याचं श्रेय आईवडिलांनंतर एकाच माणसाला आहे. चेन्नईत वेळचेरीला मी ज्या इमारतीत भाड्याने राहायचो, तिथे तळमजल्यावर मामींसोबत राहणारे मामा. नात्याने ते माझे कोणी नव्हते. सगळी इमारत त्यांना अंकल म्हणायची, मी एकटाच मामा म्हणायचो.

गाडी सुरू करण्याआधी मामा बॉनेटवर तळहात ठेवून क्षणभर उभे राहत. तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. गाडी पांढरी, माझ्याहून वयाने मोठी. सुरू झाली की लगेच निघायची. "उभी गाडी उगा जाळूं नये," हा त्यांचा नियम. गेटपाशी कोणी इंजिन चालू ठेवून फोनवर बोलत असला की मामा काचेवर टकटक करत. "कां पा, गाडीस शिक्षा काशास?" गाडीवर असा जीव टाकणारा एखादा माणूस तुमच्याही आळीत असेल. पण त्याने तो जीव कधी दुसऱ्यासाठी बाजूला ठेवलेला तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय.

मामा तंजावरकडच्या मराठी घरातले. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेले, म्हणून बोलण्यात 'अरे'च्या जागी तमिळ 'पा' नि 'डा' यायचे. पहिल्यांदा त्यांचं बोलणं ऐकून मी हसलो, तर म्हणाले, "हस, हस. आमची मराठी जुनी झाली रे, नासली नाही." वाचायला-लिहायला मात्र त्यांना तमिळ अक्षरंच येत.

आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिला मी. वडील तालुक्याच्या शाळेत शिपाई. मी अंबत्तूरच्या एका छोट्या कारखान्यात माल तपासायच्या कामावर होतो. तो विभागच बंद झाला. तीन महिने घरी बसून होतो आणि गावी सांगितलं नव्हतं. वडील शाळेत सगळ्यांना सांगत, पोरगा चेन्नईत इंजिनिअर आहे. मामांना मात्र ठाऊक होतं. सकाळी कामावर जाणाऱ्या माणसाची पावलं जिन्यावरून ऐकू येत नाहीत, एवढ्यावरून त्यांनी ओळखलं.

अखेर शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीची शेवटची मुलाखत ठरली. व्हिडिओवर, सकाळी अकराला. घेणारे पुण्यात बसलेले. आणि नेमकं आदल्या दिवशी डिसेंबरचं वादळ आलं.

वादळाची बातमी आली की वेळचेरीचे लोक आधी गाडी उचलतात आणि उड्डाणपुलावर नेऊन लावतात, कारण खाली गल्लीत कमरेएवढं पाणी साचतं. मामा दर वेळी सगळ्यांच्या आधी जात. या वेळीही पांढरी गाडी पुलाच्या अगदी माथ्यावर होती.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी वीज नव्हती, रेंज नव्हती. फोनमध्ये जेमतेम सात टक्के चार्ज उरला होता. मुलाखत पुढे ढकलता येणार नाही, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. मी जिन्यावर डोकं धरून बसलो होतो. मामा लुंगी खोचून आले.

"ऊठ. पुलावर चल. उंचावर रेंज येते."

"चार्जिंग नाही मामा."

"गाडी आहे नव्हे? मग?"

शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी डोक्यावर धरून आम्ही पाण्यातून निघालो.

पुलावर गाड्यांच्या रांगेत दोघे आधीच गप्पा मारत होते. टॅक्सीवाला सेल्वम आणि वरच्या मजल्यावरचा कार्तिक. असे गाडीवेडे वादळात घरी बसत नाहीत. गाडी बघून येतो म्हणतात आणि तिथेच रमतात. कार्तिकच्या भावाने कॅनडातून बर्फाच्या वादळाचा व्हिडिओ पाठवला होता, तो आधी मामांना दाखवणं भाग होतं. बर्फाच्या ढिगाऱ्यातून गाडीचा फक्त आरसा दिसत होता. तेवढं दाखवून त्याच्याही फोनचा चार्ज संपला.

"तिकडे इंजिन गरम राहावं म्हणून गाडीला विजेचा प्लग लावून ठेवतात, अंकल."

"गाडीस गोधडी!" मामा खूश झाले. "आणि डिझेल? गोठत असेल?"

"आमच्याकडे पाठवा म्हणावं," सेल्वम म्हणाला. "मे महिन्यात बॉनेटवर डोसा होतो."

मी घड्याळ दाखवलं. कार्तिक लगेच म्हणाला, "माझ्या गाडीत बस, नवी आहे." त्याने खिशातून रिमोटची किल्ली काढली, दाबली, पुन्हा दाबली. पाण्यातून येताना किल्ली भिजली होती. गाडी उघडेना.

"एवढी मोठी गाडी," मामा म्हणाले, "आणि किल्लीस पोहता येत नाही."

सेल्वमच्या टॅक्सीत घरातला फ्रिज आडवा घातला होता. उरली पांढरी गाडी. तिची बॅटरी म्हातारी, म्हणून इंजिन चालू ठेवल्याशिवाय फोन चार्ज होणार नव्हता. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, इंजिन सुरू केलं आणि मला स्टिअरिंगसमोर बसवून दार लावून घेतलं.

मुलाखत सुरू झाली. बाहेर मामा छत्री धरून उभे, ओठांवर बोट. पण गाडीवेड्यांना कुजबुजता कुठे येतं? काचेतून सगळं ऐकू येत होतं.

"अंकल, आवाज बदलला," कार्तिक म्हणाला.

"गप रे."

"गरम होतेय, अंकल. बंद करा."

"तुज गप म्हटलों ना, डा!"

त्या गाडीचा रेडिएटर थकलेला होता. पळती राहिली तरच ती थंड राहायची. माझ्यासमोर तापमानाचा काटा वर चढत होता. अर्ध्या तासाने तो लाल रेघेला टेकला, मग पुढे गेला. पुण्याच्या साहेबांनी तेव्हाच मला विचारलं होतं, सदोष माल दिसला तर काम कधी थांबवाल? मी म्हणालो, ताबडतोब. किल्ली माझ्या हातापासून वीतभर होती. मी ती फिरवली नाही. मला वडील दिसत होते, शाळेच्या घंटेपाशी उभे.

मुलाखत संपली तेव्हा बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती.

"झालं?" मामांनी विचारलं.

"झालं. बरं झालं असं वाटतं."

"मग झालं तर." त्यांनी हात आत घालून किल्ली फिरवली.

नोकरी लागली. गाडी मात्र पुन्हा नीट चालली नाही. इंजिनचं हेड तडकलं होतं आणि सुटे भाग आता मिळत नव्हते. मेकॅनिक माझ्यादेखत वैतागून म्हणाला, "काटा कुणी पाहिला नाही का?" मामा म्हणाले, "पाऊस होता पा. मज बाहेरून कसा दिसेल?" माझ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

मागच्या वर्षी मामी गेल्या. मुलगी मामांना तिच्याकडे घेऊन गेली. तीही बर्फाच्याच मुलखात राहते. तळमजल्यावर आता दुसरं कुटुंब आहे. सेल्वमकडून मी तमिळ अक्षरं गिरवली आणि गेल्या आठवड्यात मामांना पत्र पाठवलं. अक्षरं तमिळ, भाषा आपली. इथे देवनागरीत उतरवतो.

"ती. मामांना सा. न.

यंदाही वादळ आलं. कार्तिकने किल्ली डब्यात घालून आणली होती. तुमची आठवण निघाली. सेल्वम विचारतो, तिकडे बर्फ पडताना लोक गाड्यांपाशी जमतात की घरातच बसतात?

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. त्या दिवशी काटा लाल रेघेपुढे गेलेला मी पाहिला होता. मेकॅनिकने विचारलं तेव्हा मी बोलायला हवं होतं. तुम्ही माझ्यासाठी पावसावर ढकललंत आणि मी ते ढकलू दिलं. तुम्हाला काचेतून काटा दिसला नसेल, पण इंजिनचा बदललेला आवाज तुम्हाला कळला नसेल हे मी मानत नाही.

बाबांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्यांना लिही.

म्हणून विचारतो. मी किल्ली फिरवून गाडी बंद केली असती, तर तुम्ही मला काय म्हणाला असता? खरं लिहा. तमिळ अक्षरांतच लिहा. मला आता वाचता येतं."