न मोजलेलं जेवण

मोखाड्याजवळच्या पोशेऱ्याची जमनाबाई गेली, हे तिथल्या आशा सेविकेने फोनवर सांगितलं तेव्हा मी पुण्यात लठ्ठपणावरच्या एका व्याख्यानाची तयारी करत होते. "चार दिस ताप होता, मंग गेली," एवढंच ती म्हणाली. मला रडू आलं नाही. आधी लाज वाटली... महिना झाला तरी ती कमी झालेली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आठेक वर्षांपूर्वी आम्ही शहरातली स्थूल माणसं आणि मोखाड्याकडची राबणारी माणसं यांची तुलना करत होतो. कोण किती खातं, कोणाचं शरीर किती खर्च करतं. जमनाबाई माझ्या वाट्याला आली. नवरा आणि मुलगा भिवंडीकडे कामाला, घरात ती एकटी. पहिल्या दिवशी तिला एक खास पाणी पाजलं. पुढचे दहा दिवस लघवीचे नमुने घेतले की शरीराने किती ऊर्जा जाळली ते प्रयोगशाळेत कळतं. बाटल्या बघून ती पदर तोंडाला लावून हसायची, "आमच्या मुताला पन इतका मान?" खाणं मात्र मी स्वतः मोजायचे. तिच्या ताटातली नाचणीची भाकरी, उडदाची आमटी, चटणी, सगळं काट्यावर. आणि ते ताट ती घ्यायची माझं जेवण उरकल्यावर. मोखाड्यात खानावळ होती, पण तिथवर जायचा मला कंटाळा. ती वाढायची, मी मिटक्या मारत जेवायचे. माझं ताट कुठल्याच तक्त्यात नव्हतं.

महिन्याभराने आकडे आले. तिचा खर्च भरपूर, खाणं अगदीच थोडं. दहाव्या दिवशी तिचं वजनही घटलं होतं, तेव्हा मी वजनकाट्याला दोष दिला होता. शहरातल्या बायका फरसाण खाऊन आमच्यापासून लपवायच्या. तोच संशय मी इथे आणला. परत जाऊन तिला सरळ विचारलं, "मी गेल्यावर चोरून खात होता का?" 

"मापलं तवढंच खाल्लं, ताई. खोटं कशाला बोलू?"

मी तिच्या नावापुढे 'अविश्वसनीय' असं लिहून तिला अभ्यासातून वगळलं. त्या अहवालाचं पुढे कौतुकही झालं.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी जाऊन आले. नंतर लग्न होऊन आलेल्या सुनेने नाव विचारलं आणि लगेच दोन भाकऱ्या पुढ्यात ठेवल्या. "तुझं ताट?" मी विचारलं. "तुमी जेवा. मंग मी." या घरात पहिल्यांदाच मी भाकरीच्या टोपलीत डोकावले. टोपली रिकामी होती. दहा दिवस त्या बाईच्या वाटणीचं मी खाल्लं, आणि खोटी तिलाच ठरवलं... मी एक भाकरी उचलून टोपलीत ठेवू लागले, तशी सुनेने माझा हात धरला.

"नका, ताई. सासू सांगायची, ती मापवाली ताई कवा आली तर पोटभर वाढा. तिला घरून कोनी डबा देत नाय."