कांजीच्या डब्यातला फोन

हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत चादरींना कांजी करून इस्त्री मारायचं काम ती अठरा वर्षं करत होती, म्हणून सगळे तिला कांजीबाई म्हणत. तिचा स्वतःचा असा एक फोन होता आणि तो कांजीच्या रिकाम्या डब्यात राहायचा. जुना, काचेला तडे गेलेला, मागचं झाकण रबराने बांधलेलं. ज्या नेटवर्कवर तो चालायचा ते कंपनीने गुंडाळलं होतं. त्यामुळे त्यावरून ना फोन लागे, ना मेसेज जाई. लॉन्ड्रीचं वायफाय पकडलं की मात्र त्यातलं एक ॲप धापा टाकत उघडायचं, आणि त्या ॲपात एकच नाव होतं: साबणवाला.

साबणवाला म्हणजे तिची लेक. घरातून पळून तिला दोन वर्षं झाली होती. ‘सापडू दे, पाय मोडून घरात बसवतो,’ असं बाप म्हणायचा. आणि तो बोलेल ते करतो, हे कांजीबाईचं वाकडं मनगट सांगत होतं. घरात दुसरा एक चांगला फोन होता, पण तो ‘घरचा’, म्हणजे नवऱ्याचा. त्यावर बायकोसाठी आलेला एकूण एक मेसेज संध्याकाळी तो नाकातून आवाज काढून वाचायचा. “अगंऽ वहिनी, बरीयेस नाऽ? बघा, बरी आहे का विचारतायत! सांग की, नवरा अजून जिवंत आहे म्हणावं.”

सोमवारी जुन्या फोनवर पाटी आली: बुधवारपासून हे ॲप या फोनवर चालणार नाही. त्याच्याखालीच लेकीचा मेसेज होता. ‘आम्ही घर बदलतोय. माझा नंबरही बदलेल. बुधवारी दुपारी एकला नवा पत्ता नि नंबर देते. सातवा लागलाय, आई. तू येशील ना?’

कांजीबाई फोन घेऊन कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे धावली.

“काकू, याला आता दवा नको, दुवा हवी,” तो म्हणाला. “वापरलेला एक आहे, देऊ?”

“पगार यांच्या हातात जातो रे बाबा.”

“मग सिम अजून चालू आहे, ते कुणाच्या तरी नव्या फोनात घाला, तेच ॲप उतरवा, तासाभरात काम. नंतर पुसून टाका.”

घडीताईकडे, म्हणजे चादरींच्या घड्या घालणाऱ्या तिच्या जोडीदारणीकडे, नुसता बटणांचा फोन होता. राहिला घरचा.

बुधवारी सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, “अहो, साहेबांनी हजेरी फोनवर भरायला सांगितलीय. दुपारपर्यंत द्याल?”

“बाईसाहेबांची हजेरी! इस्त्री पळून जाईल की काय?” पण दिला.

जेवणाच्या सुट्टीत घडीताईने केसातली पिन दिली. जुन्या फोनातलं सिम घरच्या फोनाच्या रिकाम्या दुसऱ्या खाचेत बसलं, ॲप उतरलं, साबणवाल्याचा नंबर बघून बघून घातला. एकला पाच कमी. कांजीबाईने लिहिलं, ‘आले गं.’

उत्तर लगेच आलं. ‘तुमचा फोन बदललाय असं इथे दिसतंय. कोण आहे?’

तेव्हा कुठे तिला आठवलं. पळून जायच्या आदल्या दिवशी लेकीनेच ठरवलं होतं: ॲपने फोन बदलल्याचं कळवलं, तर तो बाबांच्या हाती लागला असं मी समजेन. दोन वर्षांत वेळच आली नव्हती. कांजीबाई साफ विसरली होती.

तिने सरळ फोन लावला. खूप वेळाने उचलला गेला.

“अगं मीच आहे. तो डबडा बंद पडला, म्हणून…”

“आई, हा फोन कुणाचा?”

“घरचा. पण मी लॉन्ड्रीत आहे, शपथ.”

“ते शेजारी उभे आहेत ना?”

“नाही गं बाळा.”

“उभे असते तरी तू नाहीच म्हणाली असतीस.”

घडीताईने तोंड पुढे घातलं, “पोरी, मी सांगते, कुणी नाहीये!”

“या कोण?” लेकीचा आवाज चिरकला. “आई, किती जण आहात तिथे?” मग रडत, “खरंच एकटी आहेस? लिहून घेशील? घर क्रमांक…”

तेवढ्यात दारातून वॉचमन ओरडला, “कांजीबाई, मिस्टर आलेत! फोन पाहिजे म्हणतायत. आत सोडू?”

नवरा आत सोडेपर्यंत थांबणारा माणूसच नव्हता. भिजल्या फरशीवर त्याच्या चपलांची फटफट ऐकू आली. पत्ता त्याच्या कानावर पडला असता, नाहीतर तिच्या हातावर लिहिलेला दिसला असता. आणि नसता दिसला, तरी रात्री त्याने तिच्याकडून काढून घेतला असता. आपण किती टिकतो ते तिला ठाऊक होतं.

“हो,” ती फोनमध्ये म्हणाली. “उभे आहेत. सांगू नकोस. मला कधीच सांगू नकोस.”

तिने फोन कापला. ॲप काढलं. पिनेने सिम ओढून पाण्याच्या पन्हाळीत टाकलं, तोवर तो चादरींच्या ढिगाला वळसा घालून आलाच.

“झाली हजेरी?” त्याने फोन हिसकावला, उलटसुलट केला. “एवढा गरम कशाने झालाय?”

“इस्त्रीजवळ ठेवला होता,” ती म्हणाली, आणि पुढची चादर ओढून घेतली.