खंडेनवमीला बंद केलेला सर्व्हर

आमच्या पत्रकात एक वाक्य होतं : ‘कोणताही जुना संगणक लिनक्स टाकून सर्व्हर म्हणून वापरता येतो.’ ते मी लिहिलं होतं. ठळक टाइपात, खाली रेघ मारून. त्या वाक्यापायी कसबा पेठेतल्या एका छापखान्याचं जुनं गिऱ्हाईक तुटलं. म्हणून हे लिहिते आहे.

आम्ही पाचसहा जण होतो. मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे लिनक्ससारख्या फुकट आणि खुल्या प्रणालींचा, प्रचार करायचो. शनिवारी दुकानादुकानांतून पत्रकं वाटायची आणि सांगायचं की बाबांनो, एका बिलिंगच्या संगणकासाठी दर माणशी दर वर्षी परवान्याचे पैसे का भरताय? लोक पत्रक घ्यायचे आणि त्यावर भजी ठेवायचे. ही पत्रकं कसब्यातल्या त्या छापखान्यातच छापली जायची. एक छोटं ऑफसेट, एक कटिंगचं यंत्र आणि काचेच्या पार्टिशनमागे दोन संगणक. मालक साठीच्या आसपासचे. संगणकावर एक काकू, वीस वर्षं तिथेच टायपिंग आणि जुळणी करणाऱ्या.

एकदा गठ्ठा न्यायला गेले, तर मालक पत्रक वाचत बसले होते.

“शुद्धलेखन बरं आहे तुमचं,” म्हणाले. “बाकीचं खरं आहे का?”

“म्हणजे?”

“म्हणजे हे कुठे करून पाहिलंय, की नुसतंच वाटताय?”

करून पाहिलं होतं ते माझ्या घरी, विश्रांतवाडीला, पलंगाखाली. धंद्याच्या जागी कुठेच नाही. तसं सांगितलं. ते म्हणाले, “मग आमच्याकडे करा. छपाईत सूट मिळणार नाही.”

त्यांची अडचण खरी होती. फायली दोन संगणकांत विखुरलेल्या, उरलेल्या काकूंच्या डब्यातल्या पेनड्राइव्हवर. प्रत्येकावर नेलपॉलिशनं शाळेचं आद्याक्षर. एका पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि आठवडाभर सगळं ठप्प झालं. मग एक विक्रेता येऊन कोटेशन देऊन गेला होता. ते वाचून माझं डोकं फिरलं. चार माणसांच्या छापखान्याला त्यानं मोठ्या डेटासेंटरमध्ये कपाटात सरकवतात तसला चपटा सर्व्हर सुचवला होता. त्याचे पंखे इतके जोरात चालतात की काकूंना शेजारच्याशी खुणांनी बोलावं लागलं असतं. वर परवाने, देखभालीचा करार, आणि ‘डेटा गेला तर जबाबदार कोण?’ असं तांबड्या अक्षरांत. भीती दाखवून माल खपवायचा. मी तिथल्या तिथे म्हटलं, सगळ्या फायली एका जागी ठेवणारा सर्व्हर मी जुन्या यंत्रातून करून देते.

छापखान्याचं मुख्य काम म्हणजे शाळांच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका. त्याची एक रीत होती. शिक्षक हातानं लिहिलेला पेपर घेऊन येणार, काकू टाइप करणार, शिक्षक शेजारी बसून प्रूफ वाचणार. मग प्रूफ काकूंसमोर फाडायचं आणि मूळ कागद शिक्षकानं परत न्यायचा, घरी जाऊन नष्ट करायचा. कागदावर काही म्हणजे काही शिल्लक ठेवायचं नाही. मालकांच्या वडिलांपासून एकही पेपर फुटला नव्हता. छापखाना चालत होता तो त्या नावावर.

यंत्र घ्यायला मी शहराबाहेर मांजरी गावाला गेले. तिथे जुने संगणक विकणाऱ्या एकाच्या वडिलांचा ऊस होता. आता तिथे इमारती आहेत आणि उरलेल्या तुकड्यावर याची पत्र्याची शेड. मोठ्या ऑफिसांनी काढून टाकलेले संगणक तिथे ट्रकनं येतात.

“छोटा उभा सर्व्हर आहे का?”

“हाय की. लय हाय. ह्यो बघा, ह्यो बघा.”

दोन तास मी त्याचं डोकं खाल्लं. मेमरी स्वतःच्या चुका स्वतः पकडणारी आहे ना, ते पाहिलं. आतला वीजपुरवठ्याचा डबा बिघडला तर पुण्यात कुठेही तसाच मिळेल ना, ते पाहिलं, कारण काही कंपन्या मुद्दाम वेगळ्याच आकाराचा बसवतात. मग खिशातल्या पेनड्राइव्हवरून तिथेच लिनक्स चालू केलं. नेटवर्क कार्ड ओळखलं. पंख्याचा आवाज कान लावून ऐकला.

“ताई, पोरगी बघायला गेल्यावर एवढं बघत न्हाईत लोक,” तो म्हणाला.

“बघूही नये.”

हसला. मग गंभीर झाला. “खोकं जुनं न्या, बिनधास्त. डिस्का मातुर नव्या घ्या. आन् दोन येगळ्या कंपन्यांच्या. एका घाण्यातल्या नको.”

“नव्या डिस्क तुम्हीच विकता ना?”

“विकतो की.”

“मग झालं,” मी म्हटलं.

हा माझा रोग होता. जो नवीन घ्या म्हणतो तो विकायला बसलाय. यंत्रात होत्या त्याच दोन डिस्क मी ठेवल्या. एकाच ऑफिसात, एकाच दिवसापासून, वर्षानुवर्षं अखंड फिरलेल्या. तपासणीत दोन्ही ठणठणीत दिसल्या. लिहिलेली प्रत्येक गोष्ट दोन्हींवर एकदम जाईल अशी जोडी लावली आणि काकूंना समजावलं, “एक मेली तरी दुसरी आहे.”

“आणि दोन्ही मेल्या तर?”

“काकू, दोन्ही एकदम कशाला मरतील?”

“जुळ्या आहेत ना, म्हणून विचारलं.”

मी हसले. त्यांचा पेनड्राइव्हचा डबा मागून घेतला, एकेक पुसला. व्हायरस यांच्यातूनच येतो, आता सगळं सर्व्हरवर, असं सांगितलं. त्यांनी डबा दिला, पण झाकण लावून घेतलं, जसं काही मी त्यातलं काही सांडणार होते.

अकरा महिने सर्व्हर सुरेख चालला. हे खोटं नाही. कागदाच्या भुशात, व्होल्टेजच्या चढउतारात, दुपारी तापणाऱ्या खोलीत एकदाही अडला नाही. पुढच्या पत्रकात आम्ही छापलं : ‘कसब्यातल्या एका छापखान्याचा अनुभव.’ मालकांनीच छापलं ते. बिलासकट.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी काकूंचा फोन आला. छापखान्यात खंडेनवमीला सगळी यंत्रं रॉकेलनं पुसतात, बंद ठेवतात, झेंडूची माळ घालतात, हळदकुंकू वाहतात. दसऱ्याला नारळ फोडून पुन्हा चालू.

“सर्व्हरही बंद करायचा का गं? हत्यार म्हटलं तर हत्यारच आहे ते.”

“करा की,” मी म्हटलं. “त्यालाही सुट्टी द्या. कामगारच आहे तो.”

मला माझं बोलणं फार चुरचुरीत वाटलं.

दसऱ्याला सकाळी पुन्हा फोन. “अगं, हा उठत नाहीये.”

मी स्कूटरवरून पोचले. सर्व्हरच्या डोक्यावर माळ, कपाळाला कुंकू, आणि आतून टिक, टिक, टिक. एक डिस्क फिरतच नव्हती. मी म्हटलं, घाबरू नका, दुसरी आहे. दुसरीवर चालू केला. झाला. काकू फायली पाहू लागल्या आणि थांबल्या.

“पितृपक्षातलं काहीच नाही यात.”

गणपतीपर्यंतचं सगळं होतं. पुढचं नव्हतं. पितृपक्षात आणि नवरात्रात काकूंनी चार शाळांचे पेपर टाइप केले होते. त्यांची मूळ हस्तलिखितं रीतीप्रमाणे नष्ट झालेली. छपाई दुसऱ्या दिवसापासून.

कारण मला पाच मिनिटांत सापडलं. गणपतीतच दुसरी डिस्क जोडीतून बाहेर पडली होती. सर्व्हर रोज सकाळी त्याबद्दल ईमेल पाठवत होता. कुणाला? आमच्या प्रचाराच्या पत्त्यावर, कारण तो मीच घातला होता. त्या पेटीत जाहिरातींचा ढीग पडायचा आणि ती कुणी उघडायचं नाही. महिनाभर एका डिस्कवर छापखाना चालला होता आणि तीही आता अकरा महिन्यांत पहिल्यांदा थंड होऊन पुन्हा उठायला नकार देत होती. मी ते ईमेल मोठ्यानं वाचून दाखवले. लपवण्यात अर्थ नव्हता.

मालकांनी टेबलावरचं पत्रक उचललं. “ठळक टाइपात कुठलं वाक्य होतं ते?” एवढंच म्हणाले. पत्रक माझ्याकडे न देता परत ठेवलं.

मी मांजरीला फोन लावला. तो घरची पूजा उरकून मोटरसायकलवर आला, पांढरा शर्ट, कपाळाला गंध, खिशात एक कोरी डिस्क. मी काही बोलायच्या आत म्हणाला, “नव्या घेतल्या न्हाईत.” प्रश्न नव्हताच तो. बंद डिस्क त्यानं काढली, कानाशी धरली. “चिकटलंय आत. लई वर्सं फिरत व्हती, थांबली आन् बसली.” मग आडवी धरून मनगटाला एक झटका दिला, कुलूप उघडल्यासारखा. जोडली. टिक. पुन्हा झटका. टिक. तिसऱ्यांदा ती फिरली. हा उपाय मी कुणाला सांगत नाही. दहातल्या नऊ वेळा त्यानं डिस्क कायमचीच जाते.

“आता फकस्त उतरवून घ्या. पयलं काय पायजे ते सांगा.”

काकू खुर्ची ओढून बसल्या आणि परीक्षेच्या तारखांप्रमाणे शाळा सांगू लागल्या. एक उतरली. दुसरी उतरली. कुणी पाणीसुद्धा प्यायलं नाही. तिसरी उतरली. चौथी, मुलींची शाळा, सुरू झाली आणि डिस्कमधून खरखर आली, पाट्यावर काहीतरी घासल्यासारखी. मग शांत. पुन्हा कितीही झटके दिले तरी नाही.

मुलींची शाळा म्हणजे मालकांच्या वडिलांच्या काळापासूनचं गिऱ्हाईक.

“उद्या चला माझ्याबरोबर,” मालक मला म्हणाले. “मला हे असलं काही सांगता येणार नाही.”

मुख्याध्यापिकाबाईंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं.

“पेपर गेले,” मी म्हटलं.

“गेले म्हणजे? कुठे गेले?”

“कुठेच नाही. डिस्क बंद पडली.”

“कुठेही न जाता कसे जातील?”

मी सगळं सांगितलं. जोडी, ईमेल, चिकटलेली डिस्क. त्या ऐकत होत्या आणि मला माझंच बोलणं पेपर फोडून विकणाऱ्याच्या सबबीसारखं ऐकू येत होतं. शेवटी त्या मालकांकडे वळल्या. “आपल्यावर संशय नाही हो. पण उद्या एखाद्या पालकानं विचारलं, तर मी काय सांगू? यंत्र झोपलं होतं?” नवे पेपर त्या नव्यानं काढणार होत्या. ते दुसरीकडे छापणार होत्या. या वर्षापुरतं, म्हणाल्या. अजून आलेल्या नाहीत.

जिन्यावर मी विचारलं, “सर्व्हर काढून नेऊ?”

“कशाला? खोकं चांगलं आहे,” मालक म्हणाले. “डिस्क आणा. आणि झोपलं होतं असं बाई म्हणाल्या, ते काकूंना सांगू नका. पूजा त्यांनी केली होती.”

त्याच आठवड्यात मी दोन नव्या डिस्क आणल्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, मांजरीहूनच. तिसरी बाहेरची, जिच्यावर दर शुक्रवारी सगळं उतरतं आणि जी काकू डब्याच्या पिशवीत घालून घरी नेतात. बिघाडाचा निरोप आता मालकांच्या आणि काकूंच्या फोनवर जातो, माझ्या नाही. खोकं तेच, मेमरी तीच, लिनक्स तेच. छोट्या धंद्यानं हात आखडायचा तर खोक्यावर आखडावा. प्रोसेसर तीन पिढ्या जुना असला तरी प्रश्नपत्रिकेला काही कळत नाही. डिस्कवर आणि तिसऱ्या प्रतीवर आखडू नये.

हे मी पत्रकात घालायचं म्हटलं तर आमच्यातच भांडण झालं. “म्हणजे आपण विक्रेत्यांची भाषा बोलायची?” एकानं विचारलं. मी म्हटलं, मांजरीचा विक्रेता खरं बोलला होता आणि मी पत्रकात खोटं छापलं होतं, आता काय करू? दोघं सोडून गेले. पत्रक बदललं.

पुढच्या खंडेनवमीच्या आधी मी स्वतः छापखान्यात गेले आणि काकूंना म्हटलं, “या वर्षी बंद करू नका. चालू असतानाच माळ घाला.”

काकूंनी चष्मा काढला. “ज्याला थांबवायची भीती वाटते, ते यंत्र चांगलं म्हणायचं का गं? आमचं ऑफसेट रोज रात्री बंद होतं, रोज सकाळी चालू होतं. मग हा कोण लागून गेला?”



त्यांनी पिशवीतून शुक्रवारची डिस्क काढली, स्वतःच्या संगणकाला लावली, एका शाळेचा पेपर उघडून वरपासून खालपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, “हं, आता झोपव.” मी सर्व्हर बंद केला. त्यांनी कुंकू लावलं.

दसऱ्याला नऊ वाजता मी तिथे होते. काकूंनी बटण दाबलं. पंखा फिरला, दोन्ही डिस्कचे हिरवे दिवे लागले. मालक दारात नारळ हातात घेऊन उभे होते.

“फोडू?”

“थांबा हो जरा,” काकू म्हणाल्या. त्यांनी सर्व्हरवरून सातवीचा विज्ञानाचा पेपर उघडला, एक पान छापलं, प्रिंटरमधून ओढून घेतलं, चष्म्याशी धरून पूर्ण वाचलं आणि चार तुकडे करून टोपलीत टाकलं.

“फोडा आता.”